पुण्यात रमणबागेतल्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेनअण्णांना (पंडित भीमसेन जोशींना) ऐकलेलं कोणी आहे का?

पहाटराग: पंडितजी २०११ साली गेले तेव्हा मी चौथीत होतो. आता युट्यूबवर त्यांचा तोडी राग ऐकून वेड लागलंय. समोर बसून ऐकण्यात वेगळं काय होतं?

सतरंजीवाला: आधी थंडी! सवाई रात्रभर चालायचं तेव्हाचं सांगतोय, ध्वनिक्षेपकाची रात्री दहाची मर्यादा नंतर आली. डिसेंबरातली पहाट, थर्मासातला चहा तीनलाच संपलेला, अर्धा मांडव शाली गुंडाळून पेंगतोय. मग तानपुरे जुळताना ऐकू यायचे आणि माणसं आपोआप सरळ बसायची. अण्णांचा षड्ज, म्हणजे सा, लागला की झोप गेलीच. एकदा तोडीतला कोमल गंधार त्यांनी असा आंदोलत ठेवला की शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी माझा गुडघाच दाबला. मग म्हणाले, "माफ करा हं." तान निघाली की अण्णांचा हात हवेतून काहीतरी खेचून आणल्यासारखा यायचा, अख्खं अंग गायचं. रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो हो, पण तो खेचलेला हात कुठून येणार?

गूळपोळी: आमच्या आईला रागदारीत गम्य नव्हतं. तिचे अण्णा अभंगांच्या 'संतवाणी'चे. अभंग सुरू झाला की टाळ्या वाजवायची, हमखास ताल चुकवून. मी लाजेने दुसरीकडे बघायचे.

पहाटराग: यंदा सवाईला जाऊ का मग?

सतरंजीवाला: जा की. खुर्ची नको, भारतीय बैठकीचं तिकीट काढा. आणि पाठीला उशी न्या.