वाचनकट्टा ग्रुप: परग्रहावर राहायला गेलेल्यांच्या गोष्टी

बी-५०२: तिन्ही कथा वाचल्या. यान उतरेपर्यंतचा भाग मला अशा गोष्टींत नेहमी कंटाळवाणा वाटतो. उतरल्यावर पाणी कोण देणार आणि देणारा काय अटी घालणार, खरी मजा तिथून पुढे. म्हणून माझा पहिला नंबर आयझॅक असिमॉव्हच्या 'द मार्शियन वे'ला. १९५२ ची आहे, पण जुनी वाटत नाही.

सी-३०३: ताई, थोडक्यात सांगा ना. परीक्षा चालू आहे, वाचायला जमलं नाही 🙏

बी-५०२: मंगळावरच्या वस्तीला पाणी पृथ्वीवरून येतं. यानंही पाण्याची वाफ मागे सोडतच पुढे जातात. पृथ्वीवरचा एक पुढारी ओरड सुरू करतो, हे लोक आपलं पाणी संपवतायत म्हणून. समुद्राच्या मानाने ते पाणी काहीच नसतं, पण भाषण जोरदार असलं की हिशेब कोण करतं! पाणी तोडणार अशी वेळ येते, तेव्हा मंगळवाले थेट शनीच्या कड्यांपर्यंत जातात आणि बर्फाचा डोंगरच ओढून आणतात.

सी-३०३: म्हणजे टँकरवाल्याला वैतागून स्वतःची बोअर मारली 😂

बी-५०२: अगदी! आणि तो पुढारी म्हणजे सेनेटर मॅकार्थीला मारलेला टोला, त्या काळी अमेरिकेत कम्युनिस्टांची भीती दाखवून गाजलेला पुढारी.

ए-१०४: शनीची कडी बहुतांशी पाण्याच्या बर्फाचीच आहेत, तेवढं बरोबर. पण इतक्या लांब जायचं कशाला? बर्फ मंगळावरही आहे. २००८ मध्ये नासाच्या फीनिक्स यानाने माती उकरली तर खाली बर्फच निघाला. त्याच मातीत परक्लोरेट नावाचे क्षारही सापडले, थायरॉइडला वाईट. बटाटे लावायचे तर आधी माती धुवा.

बी-५०२: काका, १९५२ मध्ये बिचाऱ्याला हे कुठून कळणार? 😀 मला पटलं ते वेगळंच. इतका लांबचा प्रवास मंगळवाल्यांनाच झेपतो, कारण बंद डब्यात राहायची सवय त्यांनाच. पृथ्वीवाल्यांना ते सुचतही नाही.

ए-६०२: पण शनीवर जाणारे सगळे पुरुषच ना गं?

बी-५०२: हो काकू, तिथे मात्र कथा फारच जुनी आहे.

ए-१०४: माझा राग टॉम गॉडविनच्या 'द कोल्ड इक्वेशन्स'वर (१९५४). भावाला भेटायला एक मुलगी औषध घेऊन निघालेल्या यानात लपून बसते. इंधन मोजून मापून भरलेलं, म्हणून तिला बाहेर टाकायचं. आणि लोक म्हणतात, निसर्गाचे नियम निष्ठुर! जन्मभर प्लँटवर काम केलंय मी. मार्जिन शून्य ठेवून यान सोडणं हा निसर्गनियम नव्हे, डिझाइन करणाऱ्याचा हलगर्जीपणा आहे. दाराला कुलूप नाही, नुसती 'आत येऊ नये' अशी पाटी. सुटण्याआधी कोणी आत डोकावूनही बघत नाही.

ए-६०२: अहो, पण मी रडले वाचताना.

ए-१०४: वहिनी, रडवलं म्हणजे गणित सुटलं असं नाही.

बी-५०२: गंमत म्हणजे गॉडविन तिला वाचवायच्या युक्त्या काढत होता, संपादक जॉन कॅम्पबेल ऐकेनात. निष्ठुर होते ते कॅम्पबेल.

सेक्रेटरी: उद्या सकाळी लिफ्टचं काम आहे, १० ते १२ बंद राहील. चालू द्या तुमचं.

ए-६०२: मला तर तिसरीच आवडली. रे ब्रॅडबरीची 'डार्क दे वेअर, अँड गोल्डन-आइड', १९४९. पृथ्वीवर युद्ध होतं, यानं बंद पडतात आणि मंगळावर अडकलेली माणसं हळूहळू सावळी, सोनेरी डोळ्यांची होतात. मुलगा म्हणतो मला नवीन नाव हवं. बाप एकटा रॉकेट बांधायला घेतो, शेवटी तेही अर्धवट सोडतो.

ए-१०४: हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, आणि तिथे पीचची झाडं!

ए-६०२: असू देत हो. माझा न्यू जर्सीतला नातू शाळेत स्वतःचं नाव वेगळंच सांगतो. मला त्या आईबापांचं सगळं कळलं, दाब कितीही असो.

बी-५०२: काकू, तरी मी असिमॉव्हच्याच बाजूने. ब्रॅडबरीकडे माणसं नुसती बदलत जातात, कोणी काही ठरवत नाही. मला हट्टाने टिकून राहणारी माणसं वाचायला आवडतात. भाषा मात्र ब्रॅडबरीचीच गोड, तिथे वाद नाही.

सी-३०३: पुढच्या वेळी मराठी घेऊ या ना. नारळीकर?

ए-१०४: 'यक्षांची देणगी' आहे माझ्याकडे. वॉचमनकडे ठेवतो, आधी सी-३०३ ने न्यावं. आणि पानं दुमडू नयेत.