कलहारीतल्या धनेशाची घरटी

'रखरखीत भागातले पक्षी उन्हाला सरावलेलेच असतात' असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. दक्षिण आफ्रिकेच्या कलहारी या रखरखीत प्रदेशातला पिवळ्या चोचीचा धनेश घ्या. आपल्याकडच्या धनेशासारखीच त्याची मादीही ढोलीत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते. आत तिची उडायची पिसं झडतात, म्हणजे तिचं आणि पिल्लांचं पोट आधी एकट्या नराच्या जिवावर. पक्ष्यांना घाम येत नाही. ऊन तापलं की नर चोच वासून धापा टाकत राहतो आणि भक्ष्य टिपणं मागे पडतं.

तिथल्या अभ्यासात २००८-११ दरम्यान ५८ टक्के घरटी यशस्वी झाली होती, म्हणजे त्यांतून निदान एक पिल्लू उडालं होतं. २०१६-१९ मध्ये फक्त १७ टक्के. विणीच्या काळातलं सरासरी कमाल तापमान ३५.७ अंशांच्या वर गेलं, तेव्हा एकही घरटं यशस्वी झालं नाही. केवळ दुष्काळाला दोष देता येत नाही, कारण दुष्काळ नसतानाही उष्म्याचा हा परिणाम दिसला.

मला याचीच जास्त धास्ती वाटते. प्रौढ पक्षी दिसत राहतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. आपल्या माळरानांवरही नुसती पक्षीगणना न करता किती पिल्लं उडतात हे दरवर्षी नोंदवायला हवं.