मदत हवी आहे : स्पेक्ट्रोवर कास्ट आयर्नचा कार्बन जागेवर बसत नाही

जळगाव एमआयडीसी, फाउंड्रीची लॅब, ग्रेड एफजी २६० (राखाडी कास्ट आयर्न). स्पेक्ट्रो म्हणजे ठिणगी (स्पार्क) पाडून धातूतली मूलद्रव्यं मोजणारं मशीन. एकाच कॉइनवर (साच्यात ओतलेला नाण्यासारखा नमुना) पाच स्पार्क मारले तर कार्बन ३.०८, ३.३१, ३.१५, ३.४२, ३.२० टक्के. सिलिकॉन, मँगनीज अगदी जागेवर. स्टीलचा स्टँडर्ड (घटक आधीच माहीत असलेला नमुना) बरोबर येतो. स्पार्कभोवती सोडायचा आर्गॉन वायू ९९.९९९ टक्के शुद्ध, खोली २५ अंशांवर. बाहेर ४४ आहे, त्याचा काही संबंध? मशीन रिकॅलिब्रेट करू का, म्हणजे मापन पुन्हा जुळवू का?

उत्तर १
रिकॅलिब्रेशन अजिबात नको भाऊ, चांगलं मशीन बिघडवून बसाल. एकटा कार्बन नाचतोय म्हणजे नमुन्यात मोकळा ग्रॅफाइट आहे. तो स्पार्कमध्ये बाकीच्या धातूसारखा एकसारखा जळत नाही. कॅलिब्रेशन मात्र पांढऱ्या लोखंडावर (ज्यात मोकळा ग्रॅफाइट नसतो) केलेलं असतं. कॉइन हातोडीने मधोमध फोडा. आतून सगळा चांदीसारखा पांढरा हवा.

प्रश्नकर्ता
फोडला. मधे हरभऱ्याएवढा राखाडी ठिपका आहे. जाडी ९ मिमी.

उत्तर १
मग सापडलं. जाडी ४ ते ६ मिमीवर आणा. साचा तांब्याचाच ना? सलग दोन हीटना (भट्टीच्या घाण्यांना) तोच वापरला तर दुसऱ्या वेळी तो तापलेला असतो, मधला भाग सावकाश थंडावतो आणि ग्रॅफाइट सुटतो. उन्हाळ्यात तर फारच. दोन साचे ठेवून आलटून पालटून वापरा. पाण्यात बुडवून गार केलात तर पूर्ण वाळवा, ओल्या साच्यात ओतलं की रस उडतो. आणि नमुना भट्टीतूनच घ्या. लाडलमध्ये (रस ओतायच्या भांड्यात) इनॉक्युलंट पडल्यावर घेतला तर कॉइन पांढरा होणं अवघड, ते टाकतातच ग्रॅफाइट वाढवायला.

उत्तर २
यात ग्राइंडिंगची भर. स्पार्कआधी कॉइनचं तोंड ६० ग्रिटच्या (जाड दाण्याच्या) घासपट्टीवर हलक्या हाताने घासा. पृष्ठभाग निळा पडला तर परत घासा. घासलेल्या तोंडाला बोट लावायचं नाही. कॉइन लालभडक असतानाच पाण्यात टाकला तर तडकतो, मग तड्यातून हवा शिरते. खूण ओळखायची सोपी : चांगल्या स्पार्कभोवती काळं कडं असतं, हवा शिरली की डाग पांढुरका, पसरट.

प्रश्नकर्ता
पडताळणीसाठी कास्टिंगला ड्रिल मारून बुरादा कार्बन-सल्फर मशीनवर जाळतो. तिथे तर कार्बन कमीच येतो.

उत्तर २
येणारच. ड्रिल मारताना ग्रॅफाइटची काळी भुकटी उडून जाते, उरलेली पाकिटाला चिकटते. बुरादा बंद करा. त्याच पांढऱ्या कॉइनचा तुकडा फोडून, वजन करून जाळा.