माध्यमातून सामाजिक संस्थेच्या संपर्क-विभागात: सत्यजित भटकळ यांच्या वाटचालीतून काय घ्यावे?

प्रश्न – प्रभातवाणी

मी बरीच वर्षे एका खासगी रेडिओ वाहिनीवर सकाळचा कार्यक्रम सादर करते. ग्रामीण आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेने मला जनसंपर्क आणि निधी-संकलन विभागाची प्रमुख म्हणून बोलावले आहे. श्रोते मला आवाजावरून ओळखतात आणि संस्थेला बहुधा तीच ओळख हवी आहे. परंतु केवळ ओळखीच्या बळावर असे पद निभावेल का, याची मला शंका वाटते. ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे दिग्दर्शक सत्यजित भटकळ पुढे जलसंधारणावर काम करणाऱ्या पानी फाउंडेशनचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्यांच्यासारख्यांना माध्यमातले नेमके काय उपयोगी पडले असेल?

उत्तर – माणदेशी

भटकळ मूळचे वकील, नंतर दिग्दर्शक. लोकांना ठाऊक असलेला चेहरा मात्र आमिर खान यांचा होता. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला यातच दिसते. 2016 साली पानी फाउंडेशन उभे राहिले आणि त्याच उन्हाळ्यात वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या 3 तालुक्यांत गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा झाली. 116 गावांनी भाग घेतला आणि कोरेगाव तालुक्यातील वेळू पहिले आले. पुढच्या वर्षी 30 आणि 2018 मध्ये 75 तालुके झाले. गाजलेल्या नावामुळे गावकरी पहिल्या सभेला येतील, पण चैत्र-वैशाखाच्या उन्हात 45 दिवस कुदळ-फावडे घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणायला ते त्या नावासाठी येणार नाहीत. त्यासाठी पाणलोटाचे शास्त्र शेतकऱ्याला समजेल अशा चित्रफिती लागल्या, प्रत्येक गावातून निवडलेल्या स्त्री-पुरुषांचे निवासी प्रशिक्षण लागले, आणि शेजारच्या गावाने काय केले ते दाखवणारी गोष्ट लागली. अवघड विषयाचा अभ्यास करून तो सामान्य माणसासमोर सोपा करून मांडायचा, हे काम हा चमू दूरचित्रवाणीवर आधीच करत होता. इथे फक्त प्रेक्षकाच्या जागी काम करणारा माणूस आला. आमच्या भागात लोक पडद्यावरच्या पाहुण्यांपेक्षा टाकेवाडीच्या गावकऱ्यांविषयी अधिक बोलत, कारण 2018 चा पहिला क्रमांक त्यांनी मिळवला होता. गाव पुढे आणि संस्था मागे, ही मांडणी तुम्हाला जमणार असेल तर पद अवश्य स्वीकारा.

उत्तर – हिशेबनीस

मी सामाजिक संस्थांचे हिशेब पाहतो, म्हणून एक व्यवहाराची बाजू मांडतो. या पदावर येणाऱ्या माध्यमकर्मींना प्रसिद्धी म्हणजेच निधी असे वाटते, आणि पहिल्या वर्षी तसे घडतेही. खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते, कारण तेव्हा देणगीदार मागच्या पैशाचे काय झाले ते विचारतो. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 नुसार पात्र कंपन्यांना मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा किमान 2 टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करावा लागतो. त्या निधीसाठी भेटणारा अधिकारी तुमचा आवाज ओळखेल, चहाही पाजेल, आणि मग प्रकल्पाचा आराखडा, झालेला खर्च व अपेक्षित परिणाम यांची कागदपत्रे मागेल. परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थेला त्याविषयीच्या कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीनंतर त्या देणग्यांतून होणारा प्रशासकीय खर्च त्यांच्या 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. तुमचे वेतन आणि जाहिरातीचा खर्च कोणत्या निधीतून आणि कोणत्या शीर्षाखाली जाणार, हे होकार देण्यापूर्वी विश्वस्तांना स्पष्ट विचारा. वेतनाच्या आकड्यापेक्षाही हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

उत्तर – ओसरी

वरील दोन्ही मतांशी मी सहमत आहे, पण आरोग्यक्षेत्रात एक धोका अधिक आहे. चर खणणाऱ्या गावाला आपले काम दाखवताना अभिमान वाटतो. कुपोषित बाळाच्या आईला तसे वाटेलच असे नाही. रेडिओवर हुंदका ऐकवला की फोन खणखणतात, आणि निधी-संकलनातही तोच मोह होतो. रुग्णाची गोष्ट वापरण्यापूर्वी त्याच्या भाषेत घेतलेली लेखी संमती, ती केव्हाही मागे घेण्याची मुभा, आणि उपचार त्या संमतीवर मुळीच अवलंबून नाहीत याची खात्री, एवढे तरी संस्थेत पाळले जाते का ते पाहा. रुजू होण्याआधी काही दिवस परिचारिका आणि आशा कार्यकर्त्यांसोबत गावांत फिरण्याची परवानगी मागा, आणि त्या काळात ध्वनिमुद्रण करू नका.

प्रभातवाणी

आपणा सर्वांची आभारी आहे. वेतनाच्या शीर्षाविषयी आणि रुग्णांच्या संमतीविषयी विश्वस्तांना आज लेखी विचारले आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत होकार कळवणार नाही.