बर्फात कॉलेज? पोट्टे जमवा ना

अमेरिकेत मिनियापोलिसला शिकणारा तुमचा भाचा बर्फामुळे रूममध्येच पडून राह्यतो म्हणता, तर त्याला सांगा दुपारचं ऊन सोडू नको, डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळते, मग उदास वाटणारच ना. बर्फाचा माणूस करायचा तर ० अंशाच्या आसपासचा ओलसर बर्फच पाहिजे, कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ मुठीत कितीही दाबा, रव्यासारखा सुटून जाते, लाडू काही वळत नाही. आम्ही नागपूरवाले तर ८-१० डिग्रीतच शेकोटी पेटवून हुरडा खात बसतो (आणि वरून थंडी थंडी बोंबलतो). त्याला म्हणा शनिवारी पोट्टे जमव, तर्री पोहे कर, तिखट टाकताना हात सैल सोड, अन् खिडकीच्या काचा धुकट होईस्तोवर पत्ते कुटा. जिमबिम ठीक आहे, पण ते सोमवारपासून.