बार्बरा स्टॅनविकचे आणखी कुठले चित्रपट पाहू?

गच्चीवरचा:
परवा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) पाहिला. विम्याच्या पैशांसाठी नवऱ्याचा काटा काढणारी बाई बार्बरा स्टॅनविकने काय रंगवलीय! तिचं आणखी काय बघावं? कृष्णधवल चालेल. आई बरोबर असेल, तेव्हा रडारड नको.

सोनचाफा:
'द लेडी ईव्ह' (१९४१), डोळे झाकून. जहाजावर पत्त्यांत श्रीमंतांना गंडवणारी बाई, आणि सावज हेन्री फोंडा: सापांचा अभ्यासक, गडगंज, मुलखाचा भोळा. जेवणघरात ती त्याच्याकडे पाठ करून बसते, हातातल्या आरशात त्याला न्याहाळते, त्याच्यावर गळ टाकणाऱ्या बायकांचं धावतं समालोचन करते आणि तो शेजारून निघाला की पाय आडवा घालते. तेवढ्या प्रसंगासाठी तरी बघाच. त्याच वर्षीचा 'बॉल ऑफ फायर'पण मजेदार आहे. नाइटक्लबची गायिका पोलिसांना चुकवत विश्वकोश लिहिणाऱ्या प्राध्यापकांच्या घरात येऊन राहते.

जुनी_रिळं:
विनोदी ठीक आहेत हो, पण खरी स्टॅनविक 'बेबी फेस'मध्ये (१९३३). बँकेत नोकरीला लागते आणि एकेका पुरुषाला खिशात घालत मजल्यामागून मजला वर चढते. कॅमेराही इमारतीच्या बाहेरून तिच्याबरोबर वर सरकतो! सेन्सॉरने तेव्हा बरंच कापलं होतं. न कापलेली प्रत २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, तीच शोधा. (आईबरोबर नको, एवढं सांगून ठेवतो.)

ती कुठल्याच एका स्टुडिओच्या दावणीला फार काळ बांधलेली नव्हती, म्हणून एवढ्या तऱ्हा करता आल्या. पन्नाशीला टेकली तेव्हा 'फॉर्टी गन्स'मध्ये (१९५७) घोड्यावर बसून चाळीस बंदूकधाऱ्यांच्या पुढे दौडत होती. पुढे टीव्हीवर 'द बिग व्हॅली'. ऑस्करची नामांकनं चार, पुरस्कार शून्य. शेवटी १९८२ मध्ये मानद ऑस्कर देऊन अकादमीने हात झटकले.

गच्चीवरचा:
'स्टेला डॅलस'चं नाव कुणीच कसं घेत नाही? यादीत सगळीकडे दिसतो.

सोनचाफा:
रडारड नको म्हणालात ना! मुलीचं भलं व्हावं म्हणून आई स्वतःला तिच्या आयुष्यातून पुसून टाकते आणि तिचं लग्न बाहेर पावसात उभं राहून खिडकीतून बघते. अभिनय मात्र अव्वल, पहिलं नामांकन याचंच. आईला विचारून ठरवा.

जुनी_रिळं:
त्यापेक्षा 'रिमेंबर द नाइट' (१९४०) लावा. 'डबल इन्डेम्निटी'चीच जोडी, फ्रेड मॅकमरे आणि ती. इथे ती दागिना चोरल्याबद्दल पकडलेली आणि तो सरकारी वकील. खटला लांबतो आणि नाताळात तो तिला चक्क आपल्या आईच्या घरी घेऊन जातो. पटकथा प्रेस्टन स्टर्जेसची, ज्याने पुढच्याच वर्षी 'लेडी ईव्ह' केला.

गच्चीवरचा:
मग शनिवारी हाच. 'बेबी फेस' आई झोपल्यावर :)