शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला गेलेले (आणि जायला निघालेले) बडोदेकर, अनुभव लिहा

दांडियाबाजार
भाची शेवटच्या वर्षाला आहे. परवा येऊन विचारते, "मावशी, अर्जाच्या कागदपत्रांचं सीलबंद पाकीट म्हणजे नक्की कसं करायचं?" आणि माझ्या डोळ्यांपुढे ती खाकी पाकिटं उभी राहिली. झाकणाला डिंक, जोडावर आडवी सही, शिक्का अर्धा झाकणावर अर्धा पाकिटावर, आणि शाई पुसू नये म्हणून वरून चिकटपट्टी. भर पावसात सयाजीगंजातून रिक्षाने येताना ती ओढणीखाली धरून बसले होते. आता जवळजवळ सगळीकडे पीडीएफ चालते, पण तिच्या एका कोर्सला अजून पाकीटच हवंय.

मी इरॅस्मस मुंडसवर (युरोपियन युनियनची मास्टर्ससाठीची शिष्यवृत्ती) गेले होते. बाबा निवृत्तीला आलेले, धाकट्या भावाचं शिक्षण बाकी, कर्ज काढायचा विषयच नव्हता. आजीला मी विमानात बसेपर्यंत वाटत होतं की यात काहीतरी गोम आहे, फुकट कोण शिकवतं? पण शिकवतात! फी भरावी लागत नाही, वर दरमहा खर्चाला पैसे (हल्ली १४०० युरो), आणि किमान दोन देशांत शिकायला मिळतं. शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो आणि बहुतेक कोर्सेसना अर्जाची फी नसते. मुदती साधारण डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत बसून लिहायचं. आमच्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा हुशार मुली होत्या. त्यांना हे कुणी सांगितलंच नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून हा धागा. मिळाली, हुकली, मधेच सोडून दिली, काहीही असो, लिहा.

वाघोडिया रोड
फार गरजेचा विषय. कुकर लावलाय, रात्री सविस्तर लिहिते.

फतेगंज
जर्मनीचं सांगतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो पडतात. आणि राहायचा खर्च दाखवायला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) ११,९०४ युरो ठेवावे लागतात. सगळी गाडी तिथेच अडते. डाडची (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी जर्मन संस्था) शिष्यवृत्ती असेल तर तेच पत्र व्हिसाला दाखवायचं, वेगळे पैसे अडकवायची गरज नाही. महिन्याला ९९२ युरो मिळतात. १२ ने गुणून बघा, ब्लॉक्डचा आकडा येतो.

२०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस सर्टिफिकेटही (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं, फी १८,००० रुपये. स्वतःच्या पैशाने जाणाऱ्यांनी ते आधी करून घ्या.

तीन_एप्रिल
माझा विषय कला. फाइन आर्ट्सवाल्यांनी इनलॅक्स बघावी, एका खासगी संस्थेची परदेशी शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती. अट अशी की प्रवेश आधी मिळवायचा, मग अर्ज. वय तिशीच्या आत. इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर, मेडिकल, बिझनेस यांना ती नाहीच, त्यामुळे आपल्याला जरा मोकळं मैदान मिळतं. मुलाखतीत मला एकाच प्रिंटबद्दल खूप वेळ विचारत होते. हा कागद का, ही शाई का, इथे रेघ तुटलीय ती मुद्दाम का? मला फार आनंद झाला. इतकं बारकाईने माझं काम तोवर कुणी पाहिलंच नव्हतं.

दांडियाबाजार
@तीन_एप्रिल मिळाली की नाही ते तर लिहा!

तीन_एप्रिल
हो हो, मिळाली 🙂

आईच्या_मोबाइलवरून
नमस्कार. मुलगी बीएस्सी केमिस्ट्री, तिसरं वर्ष. अलकापुरीत एकाने "स्कॉलरशिप गॅरंटी" सांगून फाइलचे पैसे मागितलेत. यांना वाटतं देऊन टाकावेत. मला धीर होत नाही. काय करावं?

फतेगंज
काकू, देऊ नका. गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. एजंटला कमिशन बहुतेक वेळा तिकडच्या विद्यापीठाकडून मिळतं, म्हणून तो जिथे कमिशन आहे तीच नावं पुढे करतो. त्याची "स्कॉलरशिप" म्हणजे फीमध्ये थोडी सूट. उरलेले लाखो तुम्हीच भरायचे. इथे लोक लिहितायत त्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज मुलं स्वतः भरतात.

वाघोडिया रोड
जेवणं झाली. मी चेवनिंगला (ब्रिटिश सरकारची मास्टर्ससाठीची शिष्यवृत्ती) बसले होते, मुलाखतीपर्यंत पोचले, पुढे नाही. तरी सांगते, कारण मागाहून दोन मैत्रिणींना उपयोग झाला. कामाचा अनुभव २८०० तास लागतो, म्हणजे दोन वर्षं. पण ते सलग एका नोकरीचे असायला हवेत असं नाही, अर्धवेळ नोकरीचे तासही धरतात. म्हणून जे काम कराल त्याचं पत्र तेव्हाच घेऊन ठेवा. वयाची अट नाही. आणि शिकून झालं की दोन वर्षं भारतात परत यायचं. सासूबाईंना नेमकी हीच अट आवडली होती, म्हणाल्या जा बिनधास्त.

नकार आला त्या दिवशी खूप रडले. नंतर नवऱ्याने स्कूटर काढली, आम्ही सेव-उसळ खाऊन आलो.

निंबाळकरवाडी
सेव-उसळ कुठली?? तर्री वेगळी देतात तिथली का

वाघोडिया रोड
तीच. पाव मागून घ्यायचे.

कारेलीबाग_२
आम्ही मराठी, पण पिढ्यान्पिढ्या बडोद्यात. पुण्याचे काका दरवर्षी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचं कात्रण पाठवायचे. ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी असते, आपला दाखला गुजरातचा. काकांना दर वेळी समजावून सांगावं लागायचं.

आपल्याला केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती चालते. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत, ६० टक्के गुण, आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये हवं. जागा देशभरात १२५. इंग्लंडला वर्षाला ९,९०० पौंड निर्वाहाला, फी वेगळी. विषय नीट बघा. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास यांवरच्या अभ्यासाला ती मिळत नाही.

मी याच शिष्यवृत्तीवर गेलो. माझ्या घरात तोवर कुणाचा पासपोर्टही नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी आईबाबांना घेऊन सयाजीबागेत संकल्पभूमीवर (बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिस्थळी) गेलो होतो. १९१३ मध्ये सयाजीरावांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. ते करार पाळायला १९१७ मध्ये आले, तर या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. शिष्यवृत्ती देणारं बडोदं आणि खोली नाकारणारंही बडोदंच. बाबांनी मला हे तिथे उभं राहून सांगितलं. तिकडे पहिल्या हिवाळ्यात घर शोधत फिरताना ते सारखं आठवायचं.

दांडियाबाजार
@कारेलीबाग_२ तुमचं लिहिलेलं भाचीला वाचून दाखवलं. अजून लिहा हो.

निंबाळकरवाडी
शिफारसपत्रांबद्दल कुणी बोलत का नाही? आमच्याकडे सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो.

तीन_एप्रिल
सगळीकडे हेच. अशा वेळी सरांना एक पान टिपण द्यायचं: त्यांच्या कुठल्या तासाला काय केलं, कुठला प्रोजेक्ट, त्यात काय अडलं आणि कसं सोडवलं. आणि विनंती करायची की पत्र तुम्हीच लिहा. तिन्ही पत्रांत "हार्डवर्किंग अँड सिन्सिअर" असेल तर निवडणाऱ्याला विद्यार्थी दिसतच नाही. आणि पत्र सरांच्या कॉलेजच्या ईमेलवरून जायला हवं, जीमेल पुष्कळ ठिकाणी चालत नाही.

निंबाळकरवाडी
सरांना कॉलेजचा ईमेल उघडता येत नाही 😀 मीच पासवर्ड बदलून देऊ?

फतेगंज
ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवाल्या दादांना घेऊन जा, सरांसमोर होईल काम. पासवर्ड तू हातात घेऊ नकोस.

मकरपुरा
ज्यांना पूर्ण शिष्यवृत्ती मिळत नाही त्यांनी हिरमुसू नये. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून आहे, ती कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. के. सी. महिंद्रांची तर बिनव्याजी. दोन्ही परत फेडायच्या असतात हे घरी आधी स्पष्ट सांगा. माझ्या वडिलांना "स्कॉलरशिप" एवढंच ऐकू आलं, त्यांनी सोसायटीत पेढे वाटले, आणि मग फेडीचा कागद पुढे आला. पण खरंच सांगते, बँकेच्या व्याजापुढे हे वरदान होतं.

आणि गुजरात सरकारचं बिनअनामत (म्हणजे आरक्षणात न येणाऱ्या) वर्गासाठीचं परदेश अभ्यास कर्ज, १५ लाखांपर्यंत, ४ टक्क्यांनी. कितीतरी मराठी घरं त्यात बसतात आणि विचारतच नाहीत.

आईच्या_मोबाइलवरून
एजंटला "नको" म्हणून सांगितलं. मुलगी आता इरॅस्मसची कोर्सयादी उघडून बसलीय, केमिस्ट्रीचेच कितीतरी आहेत म्हणते. हे पण चष्मा लावून शेजारी बसलेत. तीन वर्षांच्या डिग्रीवर चालतं ना?

दांडियाबाजार
बऱ्याच कोर्सेसना चालतं, काही ठिकाणी श्रेयांक जास्त मागतात. प्रत्येक कोर्सच्या पानावर पात्रता वाचायची. शंका असेल तर सरळ कोऑर्डिनेटरला मेल करा, उत्तर देतात. अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स मात्र आत्ता नको. तिला चार वर्षांची पदवी किंवा त्याच्या बरोबरीचं शिक्षण आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. आयईएल्ट्सचा (इंग्रजीच्या परीक्षेचा) निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून परीक्षा फार आधी देऊ नका.

आईच्या_मोबाइलवरून
आणि @मकरपुरा, ते बिनअनामतचं प्रमाणपत्र कुठून काढायचं? नाहीच मिळाली शिष्यवृत्ती तर हाताशी असावं.

मकरपुरा
जनसेवा केंद्रात. आधार, रेशनकार्ड, मुलीचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला न्या, झेरॉक्स आणि मूळ प्रती दोन्ही. उत्पन्नाचा दाखलाही त्याच खेपेत काढून टाका, पुढे लागतोच. सकाळी लवकर जा, अकरानंतर रांग जिन्यापर्यंत येते.